स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या, व्हिटॅमिन डी आणि सुटलेलं पोट: घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह किंवा सायकोसिसच्या इतर आजारांवर उपचार घेणारे शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर, दोघांसाठी हे पान आहे. डोसचे आकडे समजून घेण्यासाठी दिले आहेत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं डॉक्टरांना विचारूनच.

रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ९ आलंय. घाबरण्यासारखं आहे का?

घाबरण्यासारखं नाही, पण फाइलमध्ये घालून विसरण्यासारखंही नाही. आधी तपासणीचं नाव आणि एकक बघा. नाव '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी' असायला हवं. '१,२५-डायहायड्रॉक्सी' ही वेगळी आणि महागडी तपासणी आहे. अंगात डीचा खडखडाट असला तरी ती नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे या कामासाठी तिचा उपयोग नाही. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर साधारण २० च्या खाली कमतरता आणि १२ च्या खाली हाडांना त्रास होण्याइतकी कमतरता धरतात. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, त्याला अडीचने भागायचं. तिथला २२ म्हणजे आपला जेमतेम ९.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबवाल्याला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांना विचारून तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवलेल्या बऱ्या.

मुंबईत एवढं रणरणतं ऊन, मग डी कमी कसं?

ऊन शहरात आहे, अंगावर नाही. कातडीत डी तयार करतात ते यूव्ही-बी किरण, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. बंद स्लायडिंगमागे खुर्ची टाकून तासभर बसलं तरी डीच्या हिशेबात काही जमा होत नाही. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हातही हे किरण जवळजवळ नसतात, कारण सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडतात. त्यात जून ते सप्टेंबर ढग, टॉवरांच्या सावल्या आणि आपली सावळी कातडी, जिला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो.

आजार यात स्वतःची भर घालतो. रात्रीच्या गोळीने सकाळी अकराला जाग येते. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात असं वाटतं म्हणून पडदे ओढलेले असतात, गॅलरीत उभं राहणंही नको होतं. वजन वाढलं की डी चरबीत जाऊन बसतं आणि रक्तात कमी दिसतं. सोबत कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन या फिट्सवरच्या गोळ्या चालू असतील तर यकृत डी लवकर मोडून टाकतं. एकाच माणसात ही सगळी कारणं सापडतात, म्हणून सायकोसिस असलेल्यांत ही कमतरता इतकी दिसते.

डी कमी होतं म्हणूनच आजार झाला का? गरोदरपणात माझ्याकडून काही राहिलं का?

डेन्मार्कमध्ये नवजात बाळांच्या जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर अभ्यास झाले. २०१८ च्या अभ्यासात जन्मावेळी डी खूप कमी असलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त दिसला. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तेव्हा भलताच मोठा वाटतो. लोकसंख्येत साधारण शंभरात एकाला होणाऱ्या आजारात ४४ टक्के वाढ म्हणजे शंभरात दीडच्याही आत. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. आनुवंशिकता, गर्भावस्था, किशोरवयातला गांजा, ताण असे अनेक धागे यात असतात. आईने स्वतःला दोष द्यावा असं यात काहीही नाही.

डी भरून निघालं तर आवाज, संशय कमी होतील का?

नाही, निदान आजवरच्या चांगल्या चाचणीत तसं दिसलेलं नाही. इंग्लंडमध्ये नुकताच सायकोसिस सुरू झालेल्या १४९ जणांवर 'डीफेंड' नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. अर्ध्यांना दर महिन्याला १,२०,००० युनिट डी, अर्ध्यांना दिसायला तसंच पण डी नसलेलं खोटं औषध, असं सहा महिने चाललं. बहुतेकांचं डी सुरुवातीला कमीच होतं. सहा महिन्यांनी लक्षणांत दोन्ही गटांमध्ये फरक दिसला नाही, आणि वजन-साखरेसारख्या गोष्टींतही नाही.

म्हणून 'डी वाढलं, आता रिस्पेरिडोन अर्धी करू' हा हिशेब घरी मांडू नका. गोळी स्वतःहून कमी केल्यावर आजार उलटला की काही वेळा आधीच्या डोसने तो आवरतही नाही.

मग डी घ्यायचंच कशाला?

हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. डी फार खाली गेलं की मांड्या-खांदे अशक्त होतात, कंबर आणि बरगड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो, स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं. घरात याला 'आळस' म्हणतात आणि ओपीडीत कधीकधी 'निगेटिव्ह सिम्प्टम्स' (आजारामुळे उत्साह, इच्छा मावळणं) किंवा गोळीची सुस्ती. डॉक्टरांनी डीबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघितलं तर हाडं मऊ पडण्याकडे चाललं आहे का ते कळतं.

दुसरं कारण गोळ्यांमधलं आहे. रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसल्प्राइड यांनी प्रोलॅक्टिन हे अंगावर दूध आणणारं संप्रेरक वाढतं. ते वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की हाडं विरळ होतात. पाळी थांबणं, छातीतून दूध येणं, पुरुषांत लैंगिक इच्छा मरणं ही त्याची चिन्हं. याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही, म्हणून शुभंकरांनी विषय काढावा. अशा माणसाचं डीही कमी असेल तर हाडांवर दोन बाजूंनी भार येतो.

सॅशे नेमका कसा घ्यायचा?

आपल्याकडे सर्रास दिला जातो तो कोलेकॅल्सिफेरॉलचा (म्हणजे व्हिटॅमिन डी३ चा) ६०,००० युनिटचा सॅशे किंवा कॅप्सूल: आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. नंतर बहुतेक वेळा महिन्यातून एक, किंवा रोज १,००० ते २,००० युनिट. वजन फार असेल किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉक्टर डोस वाढवतात. डी चरबीत विरघळतं, म्हणून दुपारच्या भरपेट जेवणानंतर किंवा साय असलेल्या दुधातून घ्या. उपाशीपोटी काळ्या चहासोबत घेऊ नका. तीन महिन्यांनी एकदा फेरतपासणी पुरते. दर महिन्याला तपासून पैसे घालवू नका, रक्तातली पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच.

चुका होतात त्या नेहमीच्याच. सगळ्यात धोकादायक म्हणजे आठवड्याचा सॅशे रोज घेतला जाणं. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असं असतं, पण केमिस्टच्या पाकिटावर नुसती एक रेघ, आणि घरी ती रोजची गोळी होऊन बसते. कॅलेंडरवर एकच वार ठरवा, घेतल्यावर रिकामं पाकीट त्या तारखेला टाचणीने लावून ठेवा. दुसरी चूक उलटी: आठ सॅशे संपतात, सगळे विसरतात आणि पुढच्या पावसाळ्यात आकडा पुन्हा ९. तिसरी, अल्फाकॅल्सिडॉल किंवा कॅल्सिट्रिऑल असलेल्या गोळ्या 'डीच आहे' म्हणून घेणं. त्या किडनीच्या आणि काही खास आजारांसाठीच्या असतात, साध्या कमतरतेसाठी नाहीत.

क्लोझापिनवर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. डीसोबत कॅल्शियमची गोळी सवयीने लिहिली जाते, आणि कॅल्शियमने पोट बांधलं जातं. क्लोझापिनची बद्धकोष्ठता आतडं बंद पाडण्याइतकी गंभीर होऊ शकते. कॅल्शियम खरंच हवं आहे का, की दूध-दही-नाचणीवर भागेल, हे विचारा.

आणि सॅशे चोरून दुधात घालू नका. 'जेवणात काहीतरी मिसळतात' असा संशय ज्याच्या डोक्यात आधीच आहे, त्याला तो खरा ठरलेला सापडला तर डीच काय, सगळीच औषधं बंद होतील. पाकीट त्याच्या हातात द्या. फाडू दे, वाचू दे, स्वतः ढवळू दे.

जास्त झालं तर काय होतं?

रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, उलट्या, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मुतखडा, आणि गोंधळलेपण. हे शेवटचं फसवं आहे, कारण घरच्यांना आजार उलटल्यासारखा वाटतो. डी १५० च्या वर असेल किंवा ६ लाख युनिटची इंजेक्शनं एकामागून एक घेतली असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. मूड स्थिर ठेवायला दिलेल्या लिथियमनेही कॅल्शियम वाढू शकतं आणि बीपीच्या थायाझाइड गोळ्यांनीही. यातलं काही चालू असेल तर डी सुरू करण्याआधी कॅल्शियम तपासून घ्यावं.

उन्हात किती वेळ बसवायचं?

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. मुंबईत ते साधारण अकरा ते दोन. हात-पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. पण हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही, आणि मानसोपचाराच्या गोळ्यांवर असलेल्यांना तर मुळीच नाही. क्लोरप्रोमाझिनने कातडी उन्हात पटकन भाजते. थरथर कमी करायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो, म्हणजे शरीराचा थंड होण्याचा मार्गच आखडतो. क्लोझापिन, ओलांझापिननेही थोडंफार तसंच होतं. लिथियमवाल्याने घाम गाळून पाणी कमी प्यायलं तर लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अशांना भर दुपारी गच्चीत बसवू नका. त्यांच्यासाठी सॅशे हाच सरळ मार्ग. चालायला सकाळी किंवा संध्याकाळी न्या. त्यातून डी नाही मिळालं तरी बाकी बरंच मिळतं.

खाण्यातून भागेल का?

एकट्या खाण्यातून नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. अंड्याच्या एका पिवळ्यात ४० च्या आसपास, फोर्टिफाइड (वरून व्हिटॅमिन घातलेल्या) दुधाच्या पेल्यात ५०-६०. दूध-तेलाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह असेल तर ते घ्या. मासे खाणाऱ्यांनी तारली आणि बांगड्याला मान द्यावा. पापलेटापेक्षा स्वस्त आणि या कामाला सरस.

डॉक्टर 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणाले. म्हणजे काय?

पाच आकडे. कंबर: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० किंवा जास्त. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर. यातले कोणतेही तीन जुळले की मेटाबॉलिक सिंड्रोम. याचा अर्थ आज आजारी असा नाही, मधुमेह आणि हृदयविकाराच्या वाटेवर असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. म्हणून आमचं मत सरळ आहे: डीच्या तपासणीवर खर्च करण्याआधी घरात मोजपट्टी आणा.

कंबर मोजायची कशी? पँटचा नंबर चालेल का?

पँटचा नंबर चालत नाही. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. शर्ट वर करून उभं करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये शिंप्याची टेप आडवी फिरवा, मागून ती खाली सरकली नाही ना ते बघा. श्वास सहज सोडल्यावर वाचा. टेप टेकलेली हवी, रुतलेली नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी, तीच टेप, वजनाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.

कोणत्या गोळीने वजन जास्त वाढतं?

सगळ्यात जास्त ओलांझापिन आणि क्लोझापिन. मध्ये क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन. कमी अरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन, हॅलोपेरिडॉल. या गोळ्या मेंदूतले हिस्टामिन आणि सेरोटोनिनचे काही दरवाजे बंद करतात, त्यामुळे पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही. चार पोळ्या खाऊन अर्ध्या तासात 'काही आहे का?' विचारणारा माणूस हावरट नसतो, हे घरातल्या मोठ्यांना एकदा नीट सांगा.

पहिले तीन महिने निर्णायक. पहिल्याच महिन्यात ५ टक्के वजन वाढलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, तर पुढेही ते जोरात वाढण्याची शक्यता मोठी. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. मात्र क्लोझापिन बहुधा इतर औषधं हरल्यावरच दिलेलं असतं. तिथे 'वजन वाढतं, बदला' हा हट्ट महागात पडतो.

तपासण्या कधी करायच्या? याला उपाशी ठेवणं अशक्य आहे.

औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड). वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि मग दर तीन महिन्यांनी. साखर, रक्तदाब आणि लिपिड तीन महिन्यांनी, नंतर सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा.

उपाशी राहण्याचा त्रास खरा आहे. रात्रीच्या गोळीने माणूस उशिरा उठतो आणि उठल्याउठल्या त्याला बिस्किटं आणि साखरेचा चहा लागतो. अशा वेळी एचबीएवनसी करा. ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, तिला उपाशी राहावं लागत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. लिपिडही बहुतेकदा खाल्ल्यावर चालतं, फक्त ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं आलं तर उपाशीपोटी पुन्हा बघतात. रक्त कमी असेल किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एचबीएवनसी फसवू शकतं, तेव्हा साखरच तपासावी लागते.

डी घेतल्याने साखर किंवा वजन उतरतं का?

नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ जणांना रोज ४,००० युनिट डी किंवा डी नसलेली खोटी गोळी देऊन बघितलं. २०१९ मध्ये निकाल आला, मधुमेह टळण्यात ठोस फरक नव्हता.

मग कशाने उतरतं?

औषधांत मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा अनुभव सगळ्यात जुना. साधारण ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणासोबत, हळूहळू वाढवत नेतात. वजनात सरासरी सुमारे तीन किलोंचा फरक पडतो. थोडा वाटेल, पण चढता आलेख थांबतो हेच मोठं. सुरुवातीला पोट बिघडतं, एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळीने ते कमी होतं. किडनी तपासूनच सुरू करतात आणि पुढे बी१२ वर लक्ष ठेवतात. साखर वाढण्याची वाट न बघता ते लवकर सुरू करण्याकडे आता डॉक्टरांचा कल वाढतो आहे, विशेषतः ओलांझापिन किंवा क्लोझापिनसोबत. मधुमेह नाही तर ही गोळी का, असं म्हणून ती परत करू नका.

घरात सगळ्यात आधी प्यायचं बदला. या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि हात थंड पेयाकडे जातो. ३०० मिलिलिटरच्या कोल्यात ३० ग्रॅमहून जास्त साखर असते, सहा-सात चमचे. त्याऐवजी फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, बिनसाखरेचं लिंबूपाणी, ताक. मग चहा: दिवसाला सहा कटिंग असतील तर साखर एकदम बंद करू नका, आठवड्याला पाव चमचा उतरवा. फरसाण आणि खारी डब्यात ठेवून 'खाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा घरात आणूच नका, कोणासाठीच. रात्री दोनच्या भुकेसाठी उकडलेली अंडी, चणे, काकडी समोर दिसतील अशी ठेवा. वडापाव आठवड्यातून एकदा ठरवून, सगळ्यांनी मिळून खावा. चोरून खाल्लेले नेहमी दोन असतात.

चालण्यासाठी 'रोज तासभर' हे लक्ष्य पहिल्याच आठवड्यात मोडतं. नाक्यावरून दूध आणणं, एक मजला जिन्याने, मग शिवाजी पार्कला एक फेरी, अशी चढण ठेवा. गर्दीने घाबरणाऱ्याला संध्याकाळी सहाच्या दादरला नेऊ नका.

त्याने सिगारेट सोडली आणि आता दिवसभर झोपतो. संबंध आहे का?

आहे. सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलांझापिन लवकर निघून जातं. धूर थांबला की तोच डोस अंगात साठायला लागतो, आठवड्याभरात सुस्ती, लाळ, क्लोझापिनवर फिट्सचाही धोका. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, म्हणून सिगारेट सोडून मावा-गुटखा धरला तरी हेच होतं. सोडायच्या आधी डॉक्टरांना तारीख सांगा, ते डोस कमी करतात.

दाखवायचं कुठे?

केईएम, सायन, नायर, कूपर, जेजे या सगळ्या ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे आणि त्याच आवारात मेडिसिनचीही. रक्तदाब आणि साखर महापालिकेच्या 'आपला दवाखाना'तही बघून मिळते. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. गाडी अडते ती दोन ओपीडींच्या मध्ये: मेडिसिनवाले म्हणतात गोळ्या मानसोपचारवाल्यांच्या, ते म्हणतात साखर मेडिसिनची. म्हणून एकच फाइल ठेवा. पहिल्या पानावर सगळ्या औषधांची नावं आणि डोस, दुसऱ्यावर वजन, कंबर, बीपी, साखर, डी यांचा तक्ता तारखेसह. दोन्हीकडे तेच पान उघडून समोर ठेवा.

ओपीडीच्या तारखेपर्यंत थांबू नये असं काय?

अचानक खूप तहान आणि लघवी, वजन झपाट्याने उतरणं, उलट्या, धाप, तोंडाला गोडसर वास: क्लोझापिन-ओलांझापिनच्या पहिल्या काही महिन्यांत साखर अशी एकदम भडकू शकते. तीन दिवस शौचाला न होणं आणि पोट फुगणं, विशेषतः क्लोझापिनवर. उन्हातून आल्यावर अंग तापलेलं, कोरडं आणि बोलणं असंबद्ध. ताप आणि अंग लाकडासारखं कडक. यातलं काहीही दिसलं तर मानसोपचाराच्या ओपीडीत रांग न लावता थेट कॅज्युअल्टीत जा, आणि फाइलचं पहिलं पान दारातच दाखवा.